कॅमेऱ्याची वीज : ढोबळ आणि निव्वळ

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लिहावे याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण या विषयात माझाच एक हिशेब चुकला आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाणगापुरात यात्रेकरूंना उतरण्यासाठी आमच्या आठ खोल्या आहेत. पौर्णिमेला दत्तभक्तांची गर्दी होते, संगमावर स्नानाला जाणारे पहाटेच्या अंधारात निघतात, त्यामुळे फाटक रात्रभर उघडेच. गेल्या वर्षी वडिलांनी तेथे फिरणारा कॅमेरा बसविला. त्याला एकाच तारेतून वीज जाते आणि त्याच तारेतून चित्र येते. या पद्धतीस 'पॉवर ओव्हर इथरनेट' किंवा थोडक्यात पीओई म्हणतात. तारेत वीज सोडणारी डबी, म्हणजे इंजेक्टर, वेगळी घ्यायची होती. मी कलबुर्गीला शिकत असल्याने ते काम माझ्याकडे आले. दुकानात मी कॅमेऱ्याचा कागद नेला नाही. "चालेल ना?" एवढेच विचारले. उत्तर मिळाले, "एल्ला नडीतद री." सगळे चालते! मी पैसे देऊन मोकळा झालो.

दिवसा खरोखरच चालले. रात्री मात्र चित्र मधूनच जाई. आम्ही इंटरनेटला दोष देत राहिलो. एका पौर्णिमेला एका कुटुंबाची बॅग व्हरांड्यातून नाहीशी झाली. रेकॉर्डिंग पाहिले तर नेमके मध्यरात्रीनंतरचे तुकडे गायब. कॅमेऱ्याचे बटन कोठे आहे हे घरच्यांखेरीज खोल्या झाडणाऱ्या मुलालाच ठाऊक होते. त्याला कोणी चोर म्हटले नाही. "बटन तू बंद केलेस का?" एवढेच विचारले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

पुढे सुट्टीत मी शिडी लावून कॅमेऱ्यामागची चिठ्ठी वाचली. तीवर ८०२.३ एटी, कमाल १८ वॅट असे होते. इंजेक्टरवर होते ८०२.३ एएफ, १५.४ वॅट. ही आयईईई या संस्थेने ठरविलेली मानके आहेत. 'एएफ' २००३ चे, 'एटी' २००९ चे, आणि त्याहून मोठ्या भारासाठी 'बीटी' २०१८ चे.

आता आपल्या विषयाकडे वळू. १५.४ वॅट हा ढोबळ आकडा आहे. निव्वळ किती, ते पाहा. या मानकात ४४ व्होल्टला ०.३५ अँपिअर प्रवाह धरतात; गुणाकार १५.४. शंभर मीटर तारेचा रोध २० ओहम धरला, तर तारेतच ०.३५ × ०.३५ × २०, म्हणजे २.४५ वॅट उष्णता होऊन जातात. कॅमेऱ्याच्या पदरी खात्रीने पडतात १२.९५. 'एटी'मध्ये ३० वॅटचे २५.५ उरतात. आमच्या कॅमेऱ्याला दिवसा कमी वीज पुरे. अंधारात त्याचे अवरक्त दिवे लागत, त्यात तो फिरू लागला की मागणी वाढे. इंजेक्टर भार न पेलून वीज तोडी आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडी.

मोठ्या वॅटचा इंजेक्टर लावल्यास लहान कॅमेरा जळेल, ही भीती मात्र व्यर्थ आहे. खात्यात शिल्लक जास्त असली म्हणून चेकची रक्कम वाढत नाही. शिवाय मानकाप्रमाणे बनविलेला इंजेक्टर बँकेतल्या कारकुनासारखा आधी सही ताडून पाहतो. प्रथम दहा व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब सोडून पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा रोध आहे का हे तपासतो. तो सापडला तरच पूर्ण दाब देतो. जपायचे ते 'पॅसिव्ह' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त डब्यांना. त्या काहीच न विचारता वीज सोडतात, कोणी २४ व्होल्ट, कोणी ४८. गच्चीवरच्या इंटरनेटच्या अँटेनाबरोबर आलेली अशी डबी दिसायला अगदी सारखी असते. ती कॅमेऱ्याला जोडल्यास कॅमेरा सुरूच होणार नाही किंवा बिघडेल. १२ व्होल्टचा साधा ॲडॅप्टर हा तर तिसराच प्रकार. त्याचे भोक निराळे असते.

अनेक कॅमेरे एका स्विचवर चालवायचे असल्यास एकूण अंदाजपत्रक वाचावे. आठ पोर्टचा स्विच आणि एकूण ६० वॅट असे लिहिले असेल, तर प्रत्येकाला १५.४ मिळतील असे समजू नये. ती बेरीज १२३.२ होते. तार शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध अधिक, म्हणून गळतीही अधिक.

मी ३० वॅटचा 'एटी' इंजेक्टर आणला. त्या रात्रीपासून चित्र एकदाही गेले नाही. मग जे जुने रेकॉर्डिंग पुसले गेले नव्हते ते वडिलांना दाखविले. तो मुलगा चार दिवस आपल्या गावी होता, त्या चारही रात्री कॅमेरा तसाच बंद पडला होता. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी ते स्वतः त्याच्या घरी गेले, मीही गेलो. जे मी तुम्हांला येथे मराठीत सांगितले ते त्याच्या आईला कन्नडमध्ये सांगताना वॅट, ओहम काही उपयोगी पडले नाही. "चूक माझी, डबी मी चुकीची आणली," एवढेच सांगितले. तिने चहा दिला.

तो आमच्याकडे परत आला नाही. आता तो पलीकडच्या नारळाच्या दुकानात असतो.