भाचीस पत्र

भोकरदन

चि. सोनी,

परवा राजूरच्या गणपतीला तुझ्या कॉलेजातली ती पिंपळगावची पोरगी भेटली. तिनं सांगितलं ते ऐकल्यापासून डोळ्याला डोळा नाही. तू वॉर्डात जात नाहीस, खोलीत बसून असतेस, नर्सिंग सोडून गावी यायचं म्हणतेस. खरं आहे का? ताईला अजून बोललो नाही. तिला कळलं तर ती पहिल्या एसटीनं संभाजीनगर गाठेल.

आणि कारण काय, तर सिस्टर म्हणाल्या ‘रन द सलाईन फास्ट’, अन् तू पळत जाऊन दुसरी बाटली घेऊन आलीस. सगळ्या हसल्या. हसू दे की! पेशंटसाठीच पळालीस ना? पण तेवढ्यावरून शिक्षण सोडायचं? दाजींनी मका विकून फी भरली, ती काय एका शब्दावरून ओवाळून टाकायला?

सलाईन जोरात सोडायची तरी ‘रन’, नाक वाहिलं तरी ‘रन’, तपासण्या करायच्या तरी ‘रन’, गोळ्या संपल्या तर ‘रन आउट’. आपल्या घरात रन म्हणजे क्रिकेटचा, नाहीतर पळणं. तुला कुठून माहीत असणार? मी वाचलंय, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ होते. पुढे ‘रन’नं त्याला मागं टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच ६४५. ते लावायला तिथल्या संपादकाला नऊ महिने लागले. त्याची तर इंग्रजी मायबोली! आणि तू पहिल्याच वर्षी हात टेकतेस?

आपल्याकडं तरी काय कमी आहे? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, आणि मी तुझा मामा लागतो. कंपनीच्या फौजेतल्या मोल्सवर्थ साहेबानं १८३१ ला मराठीचा कोश काढला, तो पुन्हा वाढवून १८५७ ला छापला. त्यालाही आपल्या लोकांनी हसून घेतलंच असेल.

तेव्हा नुसता शब्द पाठ करू नको. वॉर्डात ऐकलेलं अख्खं वाक्य वहीत लिही, कशावरून बोलणं निघालं तेही लिही. नाही कळलं तर तिथल्या तिथं विचार. पोरींचं हसू दोन दिवसांचं असतं. औषधात अंदाज चालत नाही.

पण त्यासाठी आधी वॉर्डात जायला पाहिजे. जातेस का?

जालन्याला कॉलेजात असताना इंग्रजीच्या तासाला मी मान खाली घालून बसायचो. एक दिवस उठलो तो मिरचीच्या आडतीवर येऊन बसलो. धंद्यानं पोट भरलं, नाही म्हणत नाही. पण अजूनही दवाखान्याची फाईल हातात आली की वाचून दाखवायला कुणाला तरी शोधावं लागतं. तुझी आजी गेली तेव्हा तिच्या फाईलमध्ये काय लिहिलं होतं, ते मला आजवर माहीत नाही. आपल्या घरात ती फाईल वाचणारी तू पहिली.

फार बोललो. रागावू नको, पोरी. खर्चाला पैसे टाकलेत, आधी मेसचे भर. दोन वेळा पोटभर जेव. मन लागत नसेल तर रविवारी ये, ताईच्या हातचं खा, रड, झोप. फक्त सोमवारी सकाळच्या एसटीनं परत जा. स्टँडवर सोडायला मी येईन.

तुझा,
मामा