महाराणी ताराबाई

कऱ्हाडजवळ तळबीड नावाचे गाव आहे. शिवाजी महाराजांचे सेनापती हंबीरराव मोहिते हे याच गावचे. ताराबाई ही त्यांची लेक. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम यांच्याशी ताराबाईंचे लग्न झाले.

सन १७०० चा मार्च महिना. औरंगजेब बादशहा स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. अशात सिंहगडावर राजाराम महाराज वारले. ताराबाई तेव्हा पंचविशीच्या. पदरी चार वर्षांचा मुलगा. पुढच्याच महिन्यात साताराही पडला. मोगलांना आनंद झाला. राहिले कोण? एक विधवा बाई आणि एक पोर!

आता जरा परमुलखातली गोष्ट ऐका. आज जिथे इंग्लंड आहे तिथे पूर्वी ब्रिटन लोक राहत. त्यांच्यावर रोमी लोकांचा अंमल होता. बोडिका नावाच्या राणीचा नवरा मेला, तेव्हा रोमी अंमलदारांनी तिचे राज्य लुटले आणि तिला फटके मारले. इसवी सन ६० च्या सुमारास ती चवताळून उठली. तिने लंडन जाळले. पण शेवटी उघड्या मैदानावर एकच मोठी लढाई दिली, आणि त्या एका दिवसात सगळे गेले.

आपल्या ताराबाईंनी नेमके हेच टाळले. मुलाला गादीवर बसवून कारभार स्वतः पाहिला. बादशहा एकेक किल्ला घेत फिरे. आपले लोक होईल तितके दिवस किल्ला लढवत, मग पैसे मोजून घेत आणि किल्ला सोडून देत! बादशहाची पाठ वळली की तोच किल्ला पुन्हा आपला. आपल्याकडचा पाऊस तर तुम्हांला ठाऊकच आहे. चिखलात मोगलांच्या तोफा रुतत, नद्यांच्या पुरात माणसे आणि जनावरे वाहून जात. इकडे मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत शिरल्या. सात वर्षे हे चालले. १७०७ साली बादशहा अहमदनगरजवळ मेला. राज्य काही त्याला बुडवता आले नाही.

पुढची हकिकत मात्र तितकी गोड नाही. मोगलांच्या कैदेतून संभाजी महाराजांचे पुत्र शाहू सुटून आले. गादी कोणाची, यावरून चुलती-पुतण्यात लढाई झाली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले, आणि सातारा शाहूंकडे गेला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. पण १७१४ साली सवतीच्या पक्षाने त्यांना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकले. आमच्या मते भाऊबंदकीचा हा घाव मोगलांच्या तलवारीपेक्षा खोल होता. नंतर शाहूंनी त्यांना साताऱ्यास आणून ठेवले. म्हातारपणीही बाई स्वस्थ बसल्या नाहीत. शाहूंच्या मागे नातू रामराजा गादीवर आला. आपले ऐकत नाही म्हणून त्यालाच त्यांनी किल्ल्यावर कोंडले!

१७६१ च्या डिसेंबरात साताऱ्यास त्या वारल्या. वय शहाऐंशीच्या घरात. शहरापासून जवळच माहुलीस कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे. तिथे घाटाच्या बाजूला त्यांची समाधी आहे.