साखळी-करवतीची मूठ आणि चाप

२० मे २०२० रोजी 'अम्फान' चक्रीवादळ पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर आदळले आणि त्याच रात्री त्याने कोलकाता शहराला झोडपून काढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या वर गेला होता. बंगालीत ज्याला कृष्णचूडा म्हणतात तो गुलमोहर, राधाचूडा म्हणजे आपला सोनमोहर, तसेच शिरीष, कदंब अशी हजारो झाडे उन्मळून रस्त्यांवर पडली. पडताना त्यांनी विजेच्या ताराही ओढून नेल्या. कित्येक वस्त्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती; आणि वीज नाही, म्हणून पंपाने चढणारे पाणीही नव्हते. २३ मे रोजी राज्य सरकारच्या विनंतीवरून लष्कराच्या तुकड्या शहरात उतरल्या. महापालिकेचे कामगार, आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, ओडिशातून आलेली पथके आणि सैनिक या सर्वांच्या कामाचे मुख्य साधन एकच होते. ते म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत.

अशा वेळी एक करवत बंद पडणे म्हणजे एक रस्ता अडून राहणे होय. परंतु बंद पडलेल्या करवतीपेक्षाही घातक असते ती हाताच्या आज्ञेत न राहणारी करवत. माणसाचा हात आणि यंत्र यांची गाठ दोनच ठिकाणी पडते: मुठीवर आणि गती वाढविणाऱ्या चापावर. या दोहोंतील दोष कसे ओळखावेत व कसे दूर करावेत, ते येथे पाहू.

रचना

साखळी-करवतीला दोन मुठी असतात. पुढची नळीसारखी मूठ डाव्या हाताने व मागची उजव्या हाताने धरावयाची. मागच्या मुठीच्या खालच्या अंगास चाप आणि वरच्या अंगास एक सुरक्षा-पट्टी असते. तळहाताने मूठ पुरती धरल्यावाचून ही पट्टी दबत नाही आणि ती दबल्यावाचून चाप ओढता येत नाही. त्यामुळे झुडपाची एखादी फांदी चापात अडकली, तरी यंत्र आपोआप वेग घेत नाही.

चापाची ओढ एका बारीक सळईने किंवा तारेने कार्ब्युरेटरमधील थ्रॉटलच्या झडपेपर्यंत पोचते. झडप जितकी उघडेल, तितके हवा व पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनात अधिक जाते आणि गती वाढते. चाप सोडला असता इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० ते ३,००० फेरे घेत मंद चालते. फेरे साधारण ३,५०० ते ४,००० च्या घरात गेले, की क्लचचे वजनी तुकडे बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या पेल्याला घट्ट चिकटतात आणि साखळी फिरू लागते. वेगाने फिरणाऱ्या चक्रात बसलेले मूल जसे बाहेरच्या बाजूस रेटले जाते, तशीच ही क्रिया आहे. पूर्ण गतीला बहुतेक करवतींचे फेरे मिनिटाला १२,००० च्या पुढे जातात. म्हणून चाप सोडताच साखळी थांबलीच पाहिजे, हा या यंत्राचा पहिला नियम होय.

दुसरी गोष्ट सहज ध्यानात येत नाही. दोन्ही मुठी इंजिनाला थेट जोडलेल्या नसतात; मध्ये रबराचे ठोकळे किंवा पोलादी स्प्रिंगा असतात. मारिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये बोटांतील रक्तप्रवाह अडून ती पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन केले. पुढे १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतील बेडफर्ड येथे, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी चुनखडीचा दगड घडविणाऱ्या कामगारांच्या हातांत हाच विकार पाहिला. कंप सतत हातात शिरत राहिला, तर बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांना इजा होते. साखळी-करवत चालविणाऱ्या वनकामगारांतही हे आढळल्यावर १९६० च्या दशकापासून अशा कंपशोषक मुठी प्रचारात आल्या.

याचा अर्थ असा, की चाप एका भागावर असतो आणि इंजिन दुसऱ्यावर. मधली फट रबराची आहे. काही करवतींत कार्ब्युरेटर इंजिनाच्या बाजूस असतो व चापाची सळई ही फट ओलांडून जाते. काहींत कार्ब्युरेटर मुठीच्या बाजूस असतो आणि तेथून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी ती ओलांडते. दोन्ही प्रकारांत मुठीचा आधार फाटला, की परिणाम गतीवर दिसतो. थ्रॉटलचा म्हणून वाटणारा दोष पुष्कळदा मुठीचा असतो, तो असा.

तपासणीचा क्रम

प्रथम इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी, साखळीवर आवरण चढवावे आणि हातमोजे घालावेत. यानंतर पुढील चार परीक्षा क्रमाने घ्याव्यात.

पहिली परीक्षा चापाची. सुरक्षा-पट्टी न दाबता चाप ओढून पाहावा. तो हलता कामा नये. मग दोन्ही दाबावीत. चाप न अडखळता शेवटपर्यंत गेला पाहिजे. हात सैल सोडताच दोन्ही झटकन् मूळ जागी परतली पाहिजेत. चाप रेंगाळत परतला, तर मुठीच्या आत भुसा साठला आहे, स्प्रिंग तुटली आहे किंवा तार मुडपली आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा मुठीची. करवत ओट्यावर ठेवून मूठ वर-खाली व दोन्ही बाजूंस हलवावी. थोडे लवचीक हेलकावे हे दोषाचे लक्षण नाही. ते असावयासच हवेत. परंतु मूठ एकाच बाजूस अधिक झुकत असेल, किंवा धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत असेल, तर त्या बाजूचा आधार फाटला किंवा त्याचा स्क्रू निसटला आहे.

तिसरी परीक्षा झडपेची. वरचे झाकण व हवेची गाळणी काढून दुसऱ्या हाताने चाप ओढावा आणि झडपेचा खटका पाहावा. पूर्ण ओढीला झडप पूर्ण उघडली पाहिजे व सोडल्यावर खटका मंदगतीच्या स्क्रूवर येऊन टेकला पाहिजे. खटका चापाबरोबर चालत नसेल, तर दोष जोडणीत आहे. तो बरोबर चालतो, पण इंजिन वेग घेत नाही, अशा वेळी दोष हवेच्या किंवा पेट्रोलच्या वाटेत शोधावा.

चौथी परीक्षा चालू इंजिनाची. आता आवरण काढून करवत मोकळ्या सपाट जमिनीवर ठेवावी, साखळीचा ब्रेक लावावा व इंजिन सुरू करावे. ते मंद चालू लागल्यावर ब्रेक सोडून साखळी स्थिर आहे ना ते पाहावे. नंतर ब्रेक पुन्हा लावून, चापाला स्पर्श न करता, मूठ हलकेच एका अंगास रेटावी. एवढ्याने इंजिनाचा आवाज चढला किंवा उतरला, तर आधार अथवा रबरी नळी सदोष आहे हे निश्चित झाले.

दुरुस्ती

कोलकात्यासारख्या दमट हवेच्या शहरात ओला भुसा आणि साखळीचे तेल यांचा चिकट लगदा मुठीत साचतो व करवत पडून राहिली की वाळून घट्ट होतो. मुठीचे झाकण उघडून तो कोरड्या ब्रशाने काढावा. तेथे तेल घालू नये. तेलाने नवा भुसा धरून राहतो. तुटलेल्या किंवा सैल झालेल्या स्प्रिंगेला हाताने वाकवून कामचलाऊ करू नये. त्याच मापाची नवी बसवावी. मुडपलेली तार सरळ केली तरी पुन्हा त्याच जागी अडते, म्हणून तीही बदलावी.

साखळी मंद गतीलाही फिरत असेल, तर मंदगतीचा स्क्रू थोडा उलटा फिरवावा. एवढ्याने भागले नाही, तर क्लचच्या स्प्रिंगा तपासाव्यात. येथे एक फसगत संभवते. रबरी नळीला चीर पडली, की तिच्यातून जादा हवा आत शिरते, मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, गती आपोआप चढते व चाप सोडल्यावरही लवकर उतरत नाही. हा दोष स्क्रू फिरवून झाकता येतो, पण जात नाही. पेट्रोलबरोबरच वंगणाचे तेलही कमी पोचत असल्यामुळे अखेर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकतो आणि स्वस्त नळीच्या जागी महागडे इंजिन बदलावे लागते.

कंपशोषक आधार एक फाटला असला, तरी उरलेल्यांचे वय तेच असते. म्हणून सर्व एकदम बदलणे हितावह. प्लॅस्टिकच्या मुठीला तडा गेल्यास ती डिंकाने सांधू नये. पुढची धातूची मूठ वाकली असल्यास ठोकून सरळ करू नये. पट्टीचे टोक लाकडाला अडून करवत चालकाच्या अंगावर उसळते, तेव्हा तिला आवरणारी वस्तू हीच मूठ असते. आणि तो प्रसंग विचार करावयास सवड देत नाही.

वादळापूर्वीची निगा

शहरातील बचावकार्याच्या करवती वर्षातून बरेच दिवस कपाटात असतात आणि मग एका रात्रीत सर्वांची गरज पडते. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. असे पेट्रोल टाकीत महिनोन्महिने राहिल्यास कार्ब्युरेटरचे पातळ पडदे ताठरतात आणि चाप ओढताच इंजिन गुदमरते. म्हणून काम संपताच टाकी रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल जळून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालवावे. पुन्हा वापरताना ताजे मिश्रण घ्यावे. बहुतेक आधुनिक करवतींना एक लिटर पेट्रोलमागे २० मिलिलिटर योग्य तेल लागते, तरी यंत्राबरोबरची पुस्तिका प्रमाण मानावी. महिन्यातून एकदा वरील चारही परीक्षा घ्याव्यात.

या निगेचा लाभ केवळ माणसांनाच होतो असे नाही. अम्फाननंतर कोलकात्याच्या रवींद्र सरोवर परिसरात उन्मळलेली काही झाडे पुन्हा उभी करून लावण्यात आली. अशा झाडाची तुटलेली मुळे पूर्वीइतके पाणी ओढू शकत नाहीत. म्हणून पाने बाष्परूपाने टाकतात ते पाणी कमी व्हावे, यासाठी फांद्या आधी मोजून छाटाव्या लागतात. हे काम रस्ता मोकळा करण्याहून नाजूक आहे. जी करवत चाप ओढताच चालते आणि सोडताच थांबते, तिच्याच हाती ते सोपवावे.