मुलांचा आनंद कसा ओळखावा?

वर्गातील एखादे मूल रडत नाही, भांडत नाही, मुकाट्याने बसून राहते. एवढ्यावरून ते आनंदी आहे असे समजण्याची चूक सहज घडते. दुःख नसणे आणि आनंद असणे या भिन्न गोष्टी होत. वॉटसन, क्लार्क व टेलिजेन या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या भावमापनश्रेणीत म्हणूनच दहा शब्द सुखद व दहा शब्द दुःखद भावनांचे असून त्यांची बेरीज निरनिराळी करतात.

जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ ची पाच विधानांची प्रश्नावली याहून सोपी असून ती नऊ वर्षांपुढील मुलांसाठीही वापरतात. उल्हास, मनाची शांती, उत्साह, झोपेतून उठल्यावरचा ताजेपणा आणि रोजच्या जीवनातील गोडी यांचा अनुभव गेल्या दोन आठवड्यांत कितपत आला, हे मुलाने स्वतः सांगावयाचे असते. प्रत्येक उत्तरास ० ते ५ अंक असतात. बेरजेस ४ ने गुणावे. बेरीज ११ आल्यास १०० पैकी ४४ अंक होतात. अंक ५० हून कमी आल्यास त्या मुलाची अधिक विचारपूस करावी. त्यावरून रोगनिदान करू नये.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या वनभागात येथे विशेष दक्षता हवी. भामरागड, एटापल्लीकडील अनेक मुलांची घरची बोली माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, तर जिवतीकडे गोंडी वा कोलामी असते. ‘उल्हास’ हा शब्द न कळलेले मूल गुरुजींना बरे वाटावे म्हणून ‘हो’ म्हणते. यास्तव विधाने प्रथम मुलांच्या बोलीत आणावीत. मूळ मजकूर न पाहिलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून ती पुन्हा मराठीत करवून घ्यावीत आणि दोन्ही मजकूर ताडून पाहावेत.

ऋतुमानही ध्यानात घ्यावे. मोहफुले पहाटे वेचावी लागतात. त्या दिवसांत ताजेपणाचा अंक उतरला, तर त्याचे कारण अपुरी झोप असू शकेल, उदासपणा नव्हे.

ही परीक्षा नाही, यात बरोबर-चूक नाही, हे मुलांस आरंभीच सांगावे. अंक वर्गात वाचून दाखवू नयेत व त्यांवरून शाळांचे क्रम लावू नयेत. ज्याचे अंक उतरले असतील त्या मुलाजवळ शिक्षकाने त्याच दिवशी निवांत बसावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच बोलीत ऐकून घ्यावे. बोली येत नसल्यास मुलाचा विश्वास असलेल्या जाणत्या माणसास सोबत घ्यावे. मुकाट बसणाऱ्या मुलास बोलते करणे, हाच या मोजमापाचा हेतू होय.