वार्धक्य आणि गंगास्नान

वाराणसीस गंगेच्या पश्चिम तीरावर ऐंशीहून अधिक घाट आहेत. येथे नदी उत्तरवाहिनी असल्यामुळे पहाटे स्नानास उतरणारा यात्रेकरू उगवत्या सूर्यासमोर उभा राहतो. अहिल्याबाई घाट, भोसले घाट आणि शिंदे घाट ही नावे मराठी राज्यकर्त्यांचे स्मरण करून देतात. ब्रह्मा घाट व दुर्गा घाट यांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. संसाराचा भार उतरल्यावर काशीयात्रा करावी, असा जुना प्रघात आहे. साहजिकच ज्या वयात शरीर थंडी सोसण्यास कमी समर्थ असते, नेमक्या त्याच वयात अनेकजण प्रथम या पाण्यात पाऊल टाकतात.

कार्तिकस्नान, मकरसंक्रांत आणि मौनी अमावास्या ही स्नानाची मोठी पर्वे थंडीच्या दिवसांत येतात. जानेवारीत वाराणसीचे पहाटेचे तापमान साधारणतः आठ ते दहा अंश सेल्सियसपर्यंत उतरते. थंडीच्या लाटेत ते ५ अंशांच्याही खाली जाते. नदीचे पाणी हवेहून किंचित उबदार असले, तरी शरीराच्या ३७ अंशांच्या मानाने ते फारच थंड असते. शिवाय पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते.

पाण्यात शिरताना

थंड पाण्याचा स्पर्श होताच त्वचेखालील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्तदाब एकाएकी चढतो, नाडी जलद होते आणि मनुष्य नकळत मोठा श्वास ओढतो. डोके त्याच क्षणी पाण्याखाली असेल, तर पाणी फुप्फुसात जाण्याची भीती असते. निरोगी तरुणाचा श्वास एक-दोन मिनिटांत पूर्ववत होतो. परंतु हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धाच्या बाबतीत तेवढा ताणही घातक ठरू शकतो. म्हणून एकदम बुडी मारणे हा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. प्रथम पाय, मग हात, नंतर मान व छाती भिजवून शरीरास पाण्याची ओळख करून देणारी आपल्याकडील जुनी रीत शास्त्रदृष्ट्याही योग्य आहे.

पाण्यातून निघताना

जपानमध्ये हाच प्रश्न उलट्या रूपात आढळतो. तेथे गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसण्याची प्रथा आहे. मात्र घरातील कपडे बदलण्याची खोली हिवाळ्यात पुष्कळदा थंडगार असते. थंडीने चढलेला रक्तदाब ऊन पाण्यात झपाट्याने उतरतो, भोवळ येते आणि वृद्ध व्यक्ती टबातच बुडते. अशा दुर्घटना तेथे दर हिवाळ्यात घडतात. यास्तव पाणी ४१ अंशांहून अधिक तापवू नये, दहा मिनिटांहून अधिक वेळ बसू नये आणि खोली आधी उबदार करावी, असा सल्ला तेथे दिला जातो. तात्पर्य, थंड असो वा ऊन, धोका मुख्यतः तापमानाच्या आकस्मिक बदलात असतो.

गंगेतून बाहेर येतानाही असाच एक बदल घडतो. पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त वर छातीकडे ढकललेले असते. मनुष्य वर येताच तो दाब नाहीसा होऊन रक्त पुन्हा पायांकडे उतरते. दर्शन होईपर्यंत उपाशी राहिलेल्या, किंवा रक्तदाबाची वा लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तीस अशा वेळी घेरी येऊ शकते. त्यात ओले वस्त्र आणि नदीवरील वारा यांची भर पडते. म्हाताऱ्या शरीरास गमावलेली ऊब लवकर परत मिळविता येत नाही.

पायऱ्या आणि पाणी

पावसाळ्यात गंगेची पातळी कित्येक मीटर चढते. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ उरतो आणि पाण्यालगतच्या दगडावर शेवाळ धरते. पंचगंगा घाटासारख्या ठिकाणी चढणही उभी आहे. वृद्धापकाळी हाडे ठिसूळ झालेली असतात. घसरून खुब्याचे हाड मोडले, तर अंथरूण धरावे लागते. मधुमेह्याच्या पायाची संवेदना मंदावलेली असल्यास जखम झालेलीही कळत नाही.

पाण्याची शुद्धता हा वेगळा विषय आहे. गंगा कृती योजना १९८६ साली सुरू झाली आणि त्यानंतरही अनेक योजना आल्या. तथापि सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून वृद्धांनी ते पाणी तोंडात घेऊ नये. उघडी जखम असल्यास पाण्यात उतरू नये.

काही सोपे नियम

सूर्य वर आल्यावर स्नान करावे. सोबत एक धडधाकट माणूस असावा आणि त्याने एक पायरी खाली उभे राहावे. कमरेहून खोल पाण्यात जाऊ नये. कोरडे कपडे हाताशी ठेवावेत. बाहेर आल्यावर क्षणभर पायरीवर बसावे, अंग पुसून उबदार वस्त्र पांघरावे आणि मगच चढण चढावी. छातीत दुखू लागल्यास किंवा शुद्ध हरपल्यास रोग्यास आडवे निजवावे, ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये.

ज्यांना हेही झेपत नाही, त्यांची सोय परंपरेनेच केली आहे. धर्मशास्त्रकारांनी आजारी व अशक्त माणसासाठी कंठस्नान, ओल्या वस्त्राने अंग पुसणे, मंत्रपूर्वक जल शिंपडणे आणि मानसस्नान असे पर्याय सांगितले आहेत. वृद्ध आईवडिलांना घाटावर नेणाऱ्यांनी हे पर्याय त्यांना आधीच सांगून ठेवावेत. म्हणजे पायरीवर बसून माथ्यावर ओंजळभर पाणी घेताना आपल्या व्रतात काही उणे राहिले, असे त्यांना वाटणार नाही.