दोन मशीन, एक खतावणी : कॉम्प्युटरमधील फाईल वाटून घेण्याचा धडा

कापडाच्या धंद्यात माल एका ठिकाणी, हिशेब दुसऱ्या ठिकाणी आणि वसुली तिसऱ्या ठिकाणी असते. तिवशाचा दुकानदार नांदगाव पेठेच्या ठोक बाजारातून माल उचलतो, पण त्याच्या उधारीचा आकडा ठोकवाल्याच्या किंवा मिलच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. हा आकडा एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना बिघडला तर भांडण दुकानात होते आणि वर्षानुवर्षांचा संबंध तुटतो. म्हणून ही विद्या केवळ इंजिनियरची आहे, असे समजून आपल्या बांधवांनी ती सोडून देऊ नये.

मधल्या आकाराचे मशीन

आयबीएम कंपनी 1978 साली भारतातून गेली आणि 1992 मध्ये टाटांच्या भागीदारीत परत आली. दरम्यान, जून 1988 मध्ये तिने एएस/400 हे मशीन बाजारात आणले होते. टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठे आणि मेनफ्रेमपेक्षा लहान, म्हणून याला मिडरेंज म्हणतात. 2000 साली त्याचे नाव आयसीरीज झाले, 2006 मध्ये सिस्टिम आय, आणि 2008 पासून त्याच्या कार्यप्रणालीला आयबीएम आय म्हणतात. जुने लोक अजूनही एएस/400 च म्हणतात. बँका, कारखाने आणि मोठे वितरक यांच्याकडे ते चालते. त्याच्या शेजारी विंडोज आणि लिनक्सचे सर्व्हर असतात. या सर्वांनी एकच फाईल कशी वाचावी, हा आजचा प्रश्न आहे.

बोली एक, लिपी दोन

उर्दू शाळेत शिकलेला मुनीम वही उजवीकडून लिहितो, मराठी शाळेतला डावीकडून. गिऱ्हाईक तेच, रक्कम तीच; पण एकाची वही दुसऱ्याला वाचता येत नाही. कॉम्प्युटरचेही तसेच आहे. पीसीच्या आस्की पद्धतीत इंग्रजी 'ए' या मोठ्या अक्षराचा क्रमांक 65 आहे. आयबीएमच्या एब्सिडिक पद्धतीत तो 193 आहे. एब्सिडिक 1964 ची; तिचे मूळ छिद्र पाडलेल्या कार्डांत, आणि त्या कार्डांची कल्पना 1804 च्या जॅकार्ड मागाच्या कार्डांपर्यंत मागे जाते. म्हणजे ही भानगडही शेवटी कापडाच्याच घरातली आहे!

आस्कीत आकडे आधी आणि अक्षरे नंतर येतात, एब्सिडिकमध्ये उलट. त्यामुळे एकीकडे क्रमाने लावलेली बिलांची यादी दुसरीकडे क्रमाने दिसत नाही.

याहून मोठा धोका रकमेचा. हे मशीन रक्कम दाबून ठेवते. 125.50 रुपये लिहिताना फक्त 12550 आणि शेवटी चिन्ह ठेवले जाते. दशांश चिन्ह कोठे, हे फाईलच्या व्याख्येत असते, आकड्यात नाही. व्याख्या न पाहता आकडा उचलला तर सव्वाशेची उधारी साडेबारा हजारांची होते.

म्हणून मूळ फाईल जशीच्या तशी उघडू नये. 'कॉपी टू इम्पोर्ट फाईल' या आज्ञेने तिची साधी मजकुराची फाईल करावी आणि ती युनिकोडमध्ये ठेवावी, म्हणजे मराठी आणि उर्दू नावेही टिकतील. एक्सेलमध्ये घेताना मालाचा क्रमांक असलेला रकाना 'मजकूर' म्हणून सांगावा. नाहीतर 00457 चे 457 होते.

दार कोणते उघडावे

आयबीएम आय मध्ये नेटसर्व्हर नावाची सोय आहे. तिच्यामुळे मशीनमधील फोल्डर विंडोजवाल्याला आपल्याच डिस्कसारखे दिसते. उलट विंडोज सर्व्हरवरील फोल्डर मशीनला पाहता येते ते क्यूएनटीसी मार्गे. युनिक्स आणि लिनक्ससाठी सन कंपनीने 1984 मध्ये काढलेली एनएफएस पद्धत आहे. तिच्या साध्या मांडणीत माणूस नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखला जातो. म्हणून दोन्हीकडे क्रमांक जुळवावा लागतो.

दार उघडताना चार गोष्टी पाळाव्यात.

1. संपूर्ण मशीनचे मूळ फोल्डर कधीही वाटू नये. गोदाम दाखवायचे असेल तर तिजोरीची चावी कशाला द्यावी? देवाणघेवाणीसाठी वेगळे फोल्डर करावे.

2. ज्याला फक्त वाचायचे आहे त्याला फक्त वाचण्याचा हक्क द्यावा. प्रत्येकाचे नाव आणि पासवर्ड वेगळे असावेत; पाहुण्याच्या नावाने प्रवेश बंद ठेवावा.

3. जुनी एसएमबी 1 पद्धत बंद करावी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीच्या दोषातून जगभर पसरला. असा व्हायरस पीसीवर आला की त्या पीसीला लिहिण्याचा हक्क असलेली प्रत्येक फाईल तो कुलूपबंद करतो. मग ती फाईल मोठ्या मशीनवर असली तरी.

4. रोजची एक प्रत अशा ठिकाणी ठेवावी, जेथे नेटवर्कची तार पोहोचत नाही.

अर्धी फाईल, अर्धा हिशेब

एक मशीन लिहीत असताना दुसऱ्याने वाचले तर अर्धी यादी हाती येते. यावर सोपा उपाय आहे. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि पूर्ण झाल्यावर तिला खरे नाव द्यावे. घेणाऱ्याने खऱ्या नावाचीच फाईल उचलावी. शेवटच्या ओळीत एकूण नोंदी आणि एकूण रक्कम असावी. दोन्ही बाजूंनी ते जुळले, तरच खतावणीत चढवावे. गाठी मोजल्याशिवाय आपण पावती देत नाही, मग आकडे न मोजता का घ्यावेत?

कुरआनातील सर्वात लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि कमी-जास्त करू नये, हा तिचा आशय. आज लिहिणाऱ्याच्या जागी मशीन बसले तरी जबाबदारी मशीनवर जात नाही. ती मालकाचीच राहते. दुसऱ्याचा आकडा आपल्याकडे अमानत आहे. आपल्या हिशेबनीसाला या आठवड्यात एवढेच विचारावे : आमचे कोणते फोल्डर वाटले आहे, कोणाला, आणि त्यात लिहिण्याचा हक्क कोणाला आहे? उत्तर कागदावर घ्यावे आणि जेथे लिहिण्याच्या हक्काची गरज नसेल, तेथे तो त्याच दिवशी काढून टाकावा.