काट्यावर पुन्हा मांडा

उमरेड,
रविवार

चि. प्राजक्ता हिस,


परवा फोनवर तू "साहेब खूप चांगले आहेत गं आत्या" असं तीनदा म्हणालीस, तेव्हाच मला शंका आली. चौथ्या वेळी खरं काय ते निघालं. तुझ्यासोबत लागलेली पोरं रोज खाणीत फेसवर जातात आणि तुला प्लॅनिंगच्या खोलीत एसीखाली बसवलंय. उन्हाचा त्रास नको म्हणून.

हा 'त्रास नको' माझ्या चांगला ओळखीचा आहे. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही साइट मिळाली नाही, टेबल मिळालं. मी वर आभार मानले! मे महिन्यात आपल्याकडे सावलीतलं टेबल कोणाला नको असतं? नऊ वर्षांनी बढतीची वेळ आली आणि माझ्या नावापुढे शेरा पडला, 'क्षेत्रीय अनुभव नाही'. ज्यांनी मायेनं बसवलं त्यांची बदली केव्हाच झाली होती. माया फाइलीला लागत नाही, बाळा. तुझं तर आणखी सरळ आहे. प्रत्यक्ष खाणीतल्या कामाचा दाखला नसला तर मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसताच येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. साहेबांना ते कधी बोलून दाखवलंस का?

"ते वाईट मानतील," म्हणालीस. मानतीलही. लिंडा बॅबकॉक नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी 2003 साली सारा लॅशेव्हर यांच्याबरोबर एक पुस्तक लिहिलं, की बायका मागतच नाहीत. पुढे बॅबकॉकबाईंच्याच अभ्यासात निघालं की तीच मागणी पुरुषानं केली तर चालते, बाईनं केली तर ती जास्त खुपते. म्हणजे तुझी भीती काही मनाचा खेळ नाही. पण म्हणून गप्प बसायचं नसतं, मागायची रीत नीट बसवायची असते.

ती रीत मी आईकडून, म्हणजे तुझ्या आजीकडून शिकले. ती मिरचीच्या सातऱ्यात देठं खुडायला जायची, मजुरी किलोवर. संध्याकाळी हात असे भगभगायचे की आम्हाला जवळ घेताना ती तळवे बाहेर वळवून घ्यायची. काट्यावर तिचा ढीग कमी भरला की बाकीच्या बाया एकदम आवाज चढवत. आई शांतपणे म्हणायची, "भाऊ, एकदा पुन्हा मांडा न." मालकाला चोर म्हणायचं नाही, आणि काट्यापासून हलायचंही नाही. मागे रांग थांबलेली. पुन्हा मांडण्यात मालकाचं काही जात नव्हतं, म्हणून तो मांडायचा. समोरच्याला सहज देता येईल एवढंच मागायचं, पण ते मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही.

आता आपल्या नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा बघ. बाईनं खाणीत भूमिगत काम करायला 1952 च्या खाण कायद्यानं बंदी होती, म्हणून मायनिंगच्या पदवीचं दारही मुलींना बंद. त्या नव्वदच्या दशकात कोर्टात गेल्या, प्रवेश मिळवला, 1999 साली पदवी घेतली आणि देशातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनिअर म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे नागपुरातच सिम्फर या खाण-संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ झाल्या. भूमिगत कामाची बंदी मात्र 2019 पर्यंत उठली नव्हती. बंदी उठेपर्यंत त्या थांबल्या असत्या तर वीस वर्षं गेली असती.

दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी, यांची गोष्ट तुला शाळेत सांगितली असेल, पण अर्धीच. 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटींवर घेतलं: वर्षभर नियमित विद्यार्थिनी नाही, मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत काम, आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही. ही तिसरी अट वाचून आजही माझं डोकं तापतं. त्यांनी ती मान्य केली. वर्षानंतर रामन यांनी त्यांना नियमित केलं आणि इतर मुलींनाही दार उघडलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. पण तो अपमान होता हे म्हातारपणीही त्यांनी भर सभेत सांगितलं. अट मान्य केली म्हणजे ती बरोबर ठरली, असं नाही. माझ्या हिशेबी त्यातली कामाची गोष्ट 'वर्षभर' ही. तुलाही एखादी वाकडी अट घ्यावी लागेल. घे, पण तिच्यावर तारीख घालून घे.

आता तुझ्या अर्जाचं. तुझी खाण ओपनकास्ट आहे. जमिनीवरच्या कामाला सकाळी 6 ते संध्याकाळी 7 बाईला जुन्या कायद्यातही मनाई नव्हती. म्हणून आधी फक्त पहिली पाळी माग, तीन महिने, कोणत्या बेंचवर आणि कोणाच्या हाताखाली ते लिहून. त्याला 'नाही' म्हणायला साहेबांना कारण शोधावं लागेल. रात्रपाळी आत्ता काढू नको. 2019 च्या सूचनेत तिला बाईची लेखी संमती लागत होती आणि एका पाळीत किमान तिघी. तू एकटी कितीही चांगलं बोललीस तरी तीन होत नाहीस. सर्व्हेतली ती गोंदियाची पोरगी आणि लॅबमधली कोण ती, त्यांच्याशी चहाला बस. तिघी झालात की मग आज काय लागू आहे ते परिपत्रक मागवून घ्या आणि मिळून जा.

आणि साहेबांचंही मन ओळख. त्यांना तुझ्या उन्हापेक्षा उद्या काही झालं तर सही कोणाची, याची जास्त धास्ती असणार. तुझी लेखी विनंती हाती आली की त्यांचंच ओझं उतरतं. बाथरूमचा प्रश्न ते लाजून काढणार नाहीत; तूच काढ, आणि जवळचं कुठलं चालेल तेही सांग.

तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाक, "आज आपलं असं ठरलं" म्हणून. मी नऊ वर्षं तोंडीच बोलले.

दादासोबत भिवापुरी मिरचीचं तिखट पाठवते आहे, मेसच्या भाजीत घाल. अर्जाचा मसुदा झाला की फोनवर वाचून दाखव. शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व' आलं तर मी फोन ठेवीन.

तुझी
आत्या